अ ची कॉपी ब वर

त्या दिवशी लाईन गेली नाही, हे मला आजही आठवतं. फेब्रुवारी सरत आला आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ऊन तापायला लागलं की विजेचा काही भरवसा उरत नाही. सकाळी जाते, दुपारी येते, आली म्हणेपर्यंत पुन्हा जाते. त्या दिवशी मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पंखा एकदाही थांबला नाही, आणि आम्ही सगळे मनातल्या मनात आभार मानत बसलो होतो. मध्येच एकदा गेली असती तर निदान अर्धं तरी हाती राहिलं असतं. ते आम्हाला फार उशिरा कळलं.

मी तेव्हा एका तालुक्याच्या ठिकाणी ठाणेदार होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. गावाबाहेर, आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जिनिंग होती. एका बाजूने कापूस आत जातो, रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधून दुसऱ्या बाजूने ट्रक भरतात. कापसातली कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस वेचायला हंगामात बायका आणि मुली लागतात. त्यांतली एक मुलगी एका संध्याकाळी कापूस पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये ओढली गेली आणि जागीच मेली. जागेवर मी स्वतः गेलो होतो. तिथे जे पाहिलं ते मी इथे लिहिणार नाही.

ठाण्यात मर्ग दाखल झाला, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. जिनिंगच्या मॅनेजरचा जबाब मीच घेतला. टापटीप माणूस, बोलणं गुळगुळीत. म्हणाला, "साहेब, तिची कामाची पाळी संपली होती. मुकादमानं सगळ्या बायांना गेटबाहेर काढलं होतं. ही मागच्या बाजूनं परत आत शिरली. ओढणीत रुई बांधून न्यायचे प्रकार होतात आमच्याकडे. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण तुम्ही विचारता म्हणून सांगतो."

मुकादमानेही तेच सांगितलं, शब्दाला शब्द. दोन माणसांचे जबाब इतके जुळले की पोलिसाने कान टवकारावेत, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगत असे. खरं बोलणारी दोन माणसं कुठे ना कुठे एकमेकांना छेद देतातच. पण संशय आला म्हणून कागद बदलत नाही. 'चोरीच्या उद्देशाने आत शिरली असता' हे शब्द जबाबात आले, आणि आमची फाईल ठाण्यात पोचायच्या आधी ते गावात पोचले.

मुलीचा बाप गवंडी होता. बौद्ध वस्तीत घर, बोलायला हळू, हातावर कायम सिमेंटचा थर. तो रोज ठाण्यात यायचा आणि बाकावर बसून राहायचा. आरडाओरडा नाही, पुढाऱ्याची चिठ्ठी नाही. एके दिवशी मीच त्याला आत बोलावलं.

"साहेब," तो म्हणाला, "पोरगी गेली. ते तं आता येत नाई. पण चोर म्हून काहून गेली, येवढं मले सांगा."

त्याने खिशातून तिचा फोटो काढून टेबलावर ठेवला आणि मला ती मुलगी आठवली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पहाटे आमच्या ठाण्यामागच्या मैदानावर धावायला यायच्या. ही त्यांत सगळ्यांत पुढे असायची. गोळाफेकीचा गोळा नव्हता तेव्हा आमच्या हवालदाराने तिला जप्तीतला नव्हे, स्वतःच्या घरचा वजनाचा दगड आणून दिला होता. ही मुलगी ओढणीत रुई बांधून नेईल, हे माझ्या मनाला पटेना. मनाला काय पटतं याला कायद्यात जागा नाही, तरी पटेना.

काही दिवसांनी जिनिंगमधला एक फिटर ठाण्यात आला. मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायची म्हणाला. तक्रार लिहून घेताना मी पाहिलं, त्याच्या शर्टाच्या खिशात मोबाईल होता. मी बाकीच्यांना बाहेर पाठवलं.

"बोल."

तो दाराकडे बघतच बोलला. "साहेब, पोरगी परत नोयती आली. मुकादमानंच थांबोलं तिले. स्क्रू चोक झालता. मशीन बंद करा म्हटलं मी, तं म्हणे बंद कराले टाईम नाई, हिचा हात बारीक आहे. चालू मशीनमंदी हात घालाले लावला. वर कॅमेरा हाय साहेब. सगळं त्याच्यात असन."

"जबाब देशील?"

"माहं नाव नका घेऊ. मले दोन पोरं हायेत."

मी आग्रह केला नाही. माणूस घाबरून आला की त्याला दाबलं तर तो पुन्हा येत नाही. शिवाय कॅमेरा असेल तर त्याची गरजच काय, असं मला वाटलं. कॅमेरा घाबरत नाही, फितूर होत नाही, त्याला पोरंबाळं नसतात.

जिनिंगचे सगळे कॅमेरे ऑफिसातल्या एका काळ्या डब्याला जोडलेले होते. डबा म्हणजे सर्व्हर, आणि तो नेहमीच्या विंडोजवर नव्हे, लिनक्सवर चालायचा. आमच्यापैकी कोणाला त्यातलं कळत नव्हतं. म्हणून यवतमाळहून एका खाजगी तंत्रज्ञाला बोलावलं. कामाचा माणूस, जिल्ह्यातल्या बऱ्याच ठाण्यांनी त्याची मदत घेतलेली. त्याने पहिलं काम केलं ते डबा बंद करण्याचं, कारण चालू ठेवला तर जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. मॅनेजर म्हणाला, "साहेब, आत्ताच लावून दाखवतो ना." मी त्याला हात लावू दिला नाही. आरोपीच्या माणसाने पुराव्याला हात लावला की वकिलाचं निम्मं काम होतं.

"नुसत्या फायली उचलून चालत नाही," तंत्रज्ञाने मला समजावलं. "कोर्टात टिकायचं असेल तर अख्खी डिस्क घ्यावी लागते साहेब. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत. रिकामी जागासुद्धा." मूळ डिस्क सील करून प्रयोगशाळेत जाणार होती. तिथला अहवाल यायला महिनोनमहिने लागतात, तोवर तपास थांबू नये म्हणून ही पूर्ण कॉपी ठाण्यात राहणार होती.

ठाण्याची लिखापढी सांभाळणारा आमचा रायटर हवालदार म्हणजे अत्यंत नेटका माणूस. वळणदार अक्षर, प्रत्येक मुद्देमालावर लेबल, लेबलावर पंचांच्या सह्या. कॉपीसाठी कोरी डिस्क आणायला त्याला पाठवलं तर त्याने मूळ डिस्कचं नाव, मॉडेल लिहून घेऊन हुबेहूब तीच आणली. "कॉपी म्हणजे सेम टू सेम पायजे साहेब. उद्या वकील इचारन, येगळ्या कंपनीची काहून घेतली?" मूळ डिस्कवर त्याने लेबल लावलं 'मुद्देमाल अ', कोऱ्या डिस्कवर 'मुद्देमाल ब'. वर्षानुवर्षं आम्ही असंच करत आलो. चाकू असला तर अ, म्यान ब.

तंत्रज्ञाने दोन्ही डिस्क जोडल्या, पेनड्राईव्हवरून आपलं लिनक्स सुरू केलं. समोर पंच बसलेले, भिंतीला टेकून मॅनेजर उभा, हवालदार शिपायाला पंचनामा सांगतोय. त्याचा आवाज खणखणीत. "सदर तंत्रज्ञाने आम्हा पंचांसमक्ष मुद्देमाल अ ची संपूर्ण कॉपी मुद्देमाल ब वर... लिही, अ ची कॉपी ब वर... घेण्यास सुरुवात केली." तंत्रज्ञाने ते ऐकत ऐकत एक ओळ टाईप केली आणि एंटर मारलं.

मग आम्ही बसलो. चहा आला, पुन्हा चहा आला. जिनिंगचं जनरेटर हवालदाराने आधीच सज्ज ठेवायला लावलं होतं, कारण मध्ये लाईन गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. गेटजवळच्या बाभळीखाली मुलीचा बाप उकिडवा बसला होता. मी एकदा बाहेर गेलो तर त्याने विचारलं, "होऊन राह्यलं का साहेब?" मी म्हटलं, होऊन राहिलं. "लाईन नाई जाव म्हंजे झालं," तो म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोलिसाने असं कोणाला आश्वासन देऊ नये, पण मी म्हणालो, "काळजी करू नको, सगळं निघेल आता."

दिवे लागले तेव्हा काम संपलं. तंत्रज्ञाने दोन्ही डिस्कचा हॅश काढला. हॅश म्हणजे आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. डिस्कवर एक टिंब जरी वेगळं असलं तरी ती सगळी बदलते. हवालदाराने बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि पंचनाम्यात लिहून घेतलं, 'तंतोतंत जुळले'. मूळ डिस्क सील झाली. पंचांनी सह्या केल्या. मॅनेजरचा चेहरा उतरला होता, आणि मला त्याचा आनंद झाला होता, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात 'ब' उघडली. आत काहीच नव्हतं. चित्रण नाही, फाईल नाही, नाव नाही. तंत्रज्ञ म्हणाला, कॉपी फसली असेल साहेब, पुन्हा घेऊ, ओरिजिनल आहे ना आपल्याकडे. मीही मान डोलावली. तेवढ्यात मागून हवालदाराचा आवाज आला, पहिल्यांदाच बारीक.

"पण साहेब, आकडा तं जुळलता."

कॉपी कोरी, आणि कॉपी मूळ डिस्कशी तंतोतंत जुळणारी. मग सील केलेल्या डिस्कमध्ये काय होतं?

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मॅनेजरचा. आम्ही जायच्या आधीच त्याने डबा पुसला असणार. त्याला उचलून आणला, दिवसभर बसवला. घाम फुटला होता त्याला, पण तो ज्या गोष्टीला भीत होता ती वेगळी होती. "साहेब, मी पुसलं असतं तर मला एवढी भीती कशाला वाटली असती?" असं तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मला कळायचं ते कळलं. जबाबात मात्र त्याने ते लिहू दिलं नाही. म्हणजे चित्रण त्या दिवसापर्यंत डब्यात होतं.

मग उरला तंत्रज्ञ. चौकशीत निघालं की या जिनिंगच्या मालकाच्याच दुसऱ्या एका जिनिंगमध्ये त्याने कधीकाळी कॅमेरे बसवले होते. मला वाटलं, माणूस विकला गेला. मी त्याला माझ्या पद्धतीने घेतलं. हात लावला नाही, पण शब्दांनी सोलून काढला. तो रडला, बायकोची शपथ घेतली, देवाची घेतली. चोर रडतो तेव्हा मधूनमधून डोळे उघडून समोरच्याकडे बघतो. हा बघत नव्हता. शेवटी मी आमची जुनीच रीत वापरली. खुनाच्या आरोपीला जागेवर नेऊन सगळं पुन्हा करून दाखवायला लावतात, तसं त्याला दोन जुन्या डिस्क दिल्या, हवालदाराला तीच लेबलं लावायला सांगितली आणि म्हटलं, "जसं केलंस तसं कर. एकही गोष्ट वगळू नकोस."

त्याने जोडलं, सुरू केलं. हवालदार कोपऱ्यातून म्हणाला, "अ ची कॉपी ब वर." तंत्रज्ञाची बोटं चालायला लागली.

"थांब," मी म्हटलं. "हा जो ए टाईप केलास तो कोणता?"

"हा साहेब, अ." त्याने लेबल लावलेली डिस्क दाखवली.

"ते आपलं लेबल. मशीनला ते दिसतं का?"

त्याची बोटं कळफलकावर तशीच राहिली. मग त्याने स्क्रीनवर दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर काढून पाहिले, डिस्क उलटी करून नंबर पुन्हा वाचला, आणि डोकं टेबलावर टेकवलं. आमच्या लेबलावरची अ मशीनच्या लेखी बी होती. लिनक्स डिस्कला नाव देतं ते आपल्या मनाने. जी आधी जागी झाली ती ए, नंतरची बी. त्या दिवशी जिनिंगमध्ये आधी जागी झाली होती कोरी डिस्क. एरवी दोन्हींचा आकार वेगळा असतो, कंपनी वेगळी असते, माणसाला पाहताक्षणी चूक कळते. इथे सगळं सेम टू सेम होतं. कोऱ्या डिस्कची संपूर्ण, निर्दोष कॉपी आम्ही त्या मुलीच्या शेवटच्या संध्याकाळच्या चित्रणावर चढवली होती. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत. दिवसभर, पंचांसमक्ष, चहा पीत, लाईन जाऊ नये म्हणून जनरेटर राखून.

तपासात धागा सापडला की पोलिसाला एक उभारी येते. त्या दिवशी गुंता पूर्ण सुटला आणि मला वाटलं की हा माणूस विकला गेला असता तर किती बरं झालं असतं. विकलेल्या माणसाने एखादी प्रत लपवून ठेवलेली असते. चुकलेल्या माणसाकडे काहीच नसतं.

तरीही धडपड केली. प्रयोगशाळेतून मूळ डिस्क परत मिळते का, पुसलेलं काढता येतं का, मुंबई-पुण्यापर्यंत विचारलं. पुसलेलं निघतं, वरून लिहिलेलं निघत नाही, असं सगळीकडून एकच उत्तर आलं. फिटरला शोधत उमरखेडपर्यंत गेलो, तो नोकरी सोडून गावी गेला होता. त्याने मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, "मी काई नाई पाह्यलं साहेब. मी तं मोबाईल हरवला म्हून आल्तो." त्याची दोन पोरं दारात उभी होती. मी परत आलो. मुकादम, मॅनेजर आपल्या जबाबावर ठाम राहिले. आता त्यांना घाबरायचं कारण उरलं नव्हतं.

खात्यांतर्गत चौकशी झाली. रायटर हवालदाराने नंतर लेबल लावायचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं. तंत्रज्ञाने पोलिसांची कामं घेणं सोडलं. त्यांच्यावर मला राग धरता आला नाही, आणि राग धरायला कोणी नसणं हे फार वाईट असतं.

मग अहवाल आला. सरकारी कागदात 'काही नाही' असं कोणी लिहीत नाही, त्यासाठी एक शब्द आहे. मुद्देमाल अ वरील माहिती : निरंक. आम्ही रोज वापरतो हा शब्द. आज दाखल गुन्हे निरंक, बेपत्ता निरंक. मॅनेजरने वकिलामार्फत त्याची नक्कल घेतली आणि बाजारात, चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर सांगत सुटला, "लॅबचा रिपोर्ट आला. निरंक आला." लोकांच्या कानाला तो शब्द निष्कलंकसारखा लागला. जिनिंग स्वच्छ निघाली, म्हणजे पोरगी चोरच होती. मी बोलावून दम दिला तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मी काही वेगळं बोललो का? तुमच्याच कागदात आहे." मर्ग बंद झाला. जबाबातलं ते वाक्य जसं होतं तसं फाईलमध्ये राहिलं.

प्रशिक्षणाच्या वर्गांत मला अजून बोलावतात. मी पोरांना सांगतो, सिरीयल नंबर वाचा, कॉपीची डिस्क वेगळ्या कंपनीची घ्या, मूळ डिस्कवर काही लिहिलंच जाणार नाही असं उपकरण मिळतं ते मागा, न मिळाल्यास हात लावू नका. ती सगळं लिहून घेतात. या प्रकरणाने तुम्हाला काय शिकवलं, असं विचारतात, तेव्हा मी हेच सांगतो. खरं जे शिकलो ते सांगत नाही. पुरावा गेला तरी सत्य कुठे जात नाही, असं मी नोकरीभर मानत होतो. ते जातं. त्याला सांभाळायला माणसं लागतात, आणि माणसं थकतात.

निवृत्तीनंतर मुलीचा बाप एकदा माझ्या घरी आला. म्हणाला, "साहेब, आता तं तुम्ही नोकरीवर नाई. एकदा या अन् लोकाइले सांगा." मी गेलो. समाजमंदिरात वस्तीतली माणसं जमली होती. मी उभा राहून सांगितलं की मुलगी चोर नव्हती, तिला कामाला थांबवलं होतं, डिस्कची चूक आमच्या हातून झाली. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. पोलिसाचं ऐकतात तसंच. मग मागून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "म्हंजे कॅमेऱ्यात ते नाई दिसली नं, साहेब?" मी पुन्हा समजावलं. तिने मान हलवली. "तेच म्हणतो मी. नाई दिसली."

बाप मला बस थांब्यापर्यंत सोडायला आला. मग म्हणाला, "लोकाइचं जाऊ द्या साहेब. मले एक सांगा. इतके वर्षं ऐकून ऐकून आता मलेच रातचं काईबाई वाटते. तिच्या मायले बी. तुमाले पक्कं माहीत हाय का, ते रुई न्याले नोयती गेलती?"

"पक्कं माहीत आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ठाण्यातल्या त्या टेबलामागे बसून मी आयुष्यभर हजार माणसांना जो प्रश्न विचारला, तोच त्याने विचारला. अगदी हळू, आणि उत्तर मिळावं म्हणून.

"कशावरून, साहेब?"